पाठ नसलेली प्रतिमा

भिंतीला टेकून बसलेल्या देवाची पाठ कोणी पाहत नाही, आणि म्हणूनच ती घडविण्याची तसदीही सहसा कोणी घेत नाही. जुन्या गोव्यात 1605 साली प्रतिष्ठित झालेल्या बॉम जेझूच्या बासिलिकेत वेदीमागे जो सोनेरी काष्ठफलक उभा आहे, तो पाहताना यात्रेकरूची दृष्टी वेलबुट्टीवरून, पिळाच्या स्तंभांवरून, मेघांतून डोकावणाऱ्या बालमुखांवरून फिरत फिरत वर छतापर्यंत जाते. पण या साऱ्या वैभवाच्या मागे काय असेल हा प्रश्न त्याच्या मनाला शिवत नाही. अशा फलकांच्या मागे साधी फळकुटे असली तरी भक्ताचे काही बिघडत नाही आणि कारागिराच्या कीर्तीलाही बाध येत नाही. परंतु जी प्रतिमा आपले आसन सोडून माणसांच्या खांद्यावर बसते, दरवाजा ओलांडून रस्त्यावर येते आणि पुढे वाट पाहणाऱ्यांना जितकी दिसते तितकीच मागून चालणाऱ्यांनाही दिसणे जिला भाग असते, तिला ही सवलत मिळत नाही. तिला पाठ असून चालत नाही. दोन्हीकडे तोंड असावे लागते.

अशा प्रतिमा पोलंडमध्ये, विशेषतः त्याच्या उत्तरेकडील काशुबिया प्रांतात, अद्याप रस्त्याने चालतात. त्यांना तिकडे फेरेट्रॉन म्हणतात. खाली चौरंगासारखी बैठक, तिच्या खाचांत अडकविलेले दांडे, बैठकीवर कोरीव महिरपीची उभी चौकट, चौकटीत एका अंगाला बाळ घेतलेली मरियम तर दुसऱ्या अंगाला गावचा एखादा कैवारी संत, माथ्यावर मुकुट अथवा किरणांचे वलय, आणि वरपासून खालपर्यंत झळाळणारे सोने, असे तिचे स्थूल रूप. चौकटीला बांधलेल्या रेशमी फिती हातात धरून पांढऱ्या पोशाखातल्या मुली दोन्ही बाजूंनी चालतात. मागच्या अंगाला कोणता संत बसवायचा हे गावाच्या भयावर अवलंबून असते, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही: रोखस हा प्लेगपासून वाचविणारा, फ्लोरियन हा आगीपासून, आणि इसिदोर हा नांगरधारी शेतकऱ्यांचा पाठीराखा. पुढच्या बाजूला श्रद्धेचे सार्वत्रिक रूप आणि मागच्या बाजूला गावाची खासगी चिंता, अशी ही विभागणी मला मोठी मार्मिक वाटते.

दुहेरी प्रतिमेची कल्पना मात्र बरोक युगाने शोधून काढलेली नव्हे. ती त्याला वारशाने मिळाली. कॉन्स्टँटिनोपलमध्ये होदेगेत्रिया, म्हणजे वाट दाखविणारी माता, या नावाची जी प्रतिमा त्या नगराची संरक्षक देवता मानली जात असे, ती दर मंगळवारी मठाबाहेर काढून चौकात मिरविण्याचा शिरस्ता होता. कास्तीलच्या राजाचा वकील रुय गोंझालेझ दे क्लाविहो 1403 साली तेथे पोचला, तेव्हा त्याने हा सोहळा पाहिला आणि त्याची हकीकत आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवली. 1453 मध्ये नगर पडले त्या वेळी ही प्रतिमाही नष्ट झाली. पण तिच्या कुळातली चित्रे ग्रीस आणि रशियात शिल्लक आहेत. ग्रीसमधील कास्तोरिया येथे बाराव्या शतकातील एक फळी आहे. तिच्या एका अंगाला बाळाला कडेवर घेतलेली मरियम असून तिच्या भुवया कसल्याशा पूर्वज्ञानाने आक्रसलेल्या आहेत. दुसऱ्या अंगाला त्याच बाळाचे, आता प्रौढ होऊन मरण पावलेल्या पुत्राचे, मान कललेले कलेवर आहे. दोन चित्रांमधले अंतर फळीच्या जाडीएवढे, आणि त्यांतल्या काळाचे अंतर एका आयुष्याचे. आईच्या भुवया का आक्रसल्या आहेत याचे उत्तर पाहणाऱ्याला फळीला वळसा घातल्यावरच मिळते. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयातील, डॉन नदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मातेच्या प्रतिमेवरही, जी थिओफानीस या ग्रीक चित्रकाराची मानली जाते, मागच्या बाजूस त्याच मातेचा महानिद्रेचा प्रसंग रंगविलेला आहे. या चित्रकारांनी मागची बाजू रिकामी राहू नये एवढ्याच हेतूने भरली नव्हती. प्रतिमेभोवती फिरणारा मनुष्य त्यांनी रचनेतच गृहीत धरला होता.

पश्चिमेकडे या परंपरेला नवे बळ मिळाले ते सोळाव्या शतकातील धर्मकलहामुळे. प्रॉटेस्टंट सुधारकांनी मूर्ती, मिरवणुका आणि संतपूजा यांवर हत्यार उपसले, तेव्हा रोमच्या बाजूने ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1551 मध्ये पवित्र प्रसादाच्या मिरवणुकीचे आणि 1563 च्या डिसेंबरात प्रतिमापूजेचे अधिकृत समर्थन केले. ज्याच्यावर आक्षेप घेतला जातो ते लपवायचे नाही, उलट अधिक थाटाने चव्हाट्यावर आणायचे, असा या धोरणाचा मथितार्थ होता. आणि बरोक शैलीचा सगळा पसारा, तिचे वळसे, तिची नाट्यमयता, तिचा सोन्याचा हव्यास, या धोरणाच्या सेवेत रुजू झाला. बरोक कलेला दिखाऊ म्हणून नाके मुरडणारे समीक्षक आपल्याकडेही आहेत. त्यांचे म्हणणे दिवाणखान्यात बसून पाहिले तर बरोबर ठरते. पण ही कला स्थिर नजरेसाठी मुळी बेतलेलीच नव्हती. अकँथसची पाने उलगडत जातात, स्तंभ पीळ घेतात, देवदूतांची वस्त्रे वाऱ्याने फुगल्यासारखी दिसतात. ज्या वस्तूचा प्रत्येक अवयव गतीचा आभास निर्माण करतो, ती वस्तू खरोखरच चालू लागली म्हणजे तो आभास न राहता साक्षात वर्तन होते. म्हणून बरोक शैली आपल्या अर्थाला पूर्णपणे पोचते ती राजवाड्यांच्या छतांवर नव्हे, मिरवणुकीतल्या या लहानशा प्रतिमांत, असे माझे मत आहे.

त्या काळच्या पोलंडमध्ये प्रतिमा करवून घेणारा धनी बहुधा एकटा सरदार नसे. जपमाळेच्या, खांदपट्टीच्या किंवा अमुक संताच्या नावाने चालणारी बंधुमंडळे आणि निरनिराळ्या धंद्यांच्या कारागिरांच्या जाती-पंचायतींसारख्या संघटना यांचा त्यात मोठा हात असे. मंडळाची प्रतिमा म्हणजे मंडळाची अब्रू; आणि ती कोणी वाहायची हा मानाचा प्रश्न. पुष्कळ ठिकाणी एक प्रतिमा विवाहित स्त्रियांची, दुसरी कुमारिकांची, तिसरी तरुणांची अशी वहिवाट ठरलेली असते, आणि हा मान बापाकडून मुलाकडे जातो. गावगाड्यातील मानकऱ्यांचे रुसवेफुगवे ज्याने जवळून पाहिले आहेत, त्याला या व्यवस्थेविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

आता ही प्रतिमा घडते कशी ते पाहू; कारण तिच्या घडणीतच तिची एक गंमतीची अडचण दडलेली आहे. लाकूड बहुतकरून लिंडेनचे. ते मऊ, एकजीव आणि फारशा गाठी नसलेले असल्यामुळे पटाशीला कोणत्याही दिशेने वश होते आणि पानांच्या पातळ कडाही त्यातून सुबक निघतात. कोरीव काम झाले की लाकडाला प्राण्यांच्या कातड्यापासून काढलेल्या सरसाचा हात द्यायचा, मग त्याच सरसात कालवलेल्या खडूचे थरावर थर चढवायचे. इटलीत या कामी जिप्सम वापरीत, आल्प्सच्या उत्तरेस खडू. थर वाळले की ते घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत करावयाचे, आणि त्या भरात बुजून गेलेली कोरीव रेषा पुन्हा बारीक हत्यारांनी उकलून काढायची. म्हणजे एकच नक्षी दोनदा कोरायची, एकदा लाकडात आणि एकदा खडूत. त्यावर बोल नावाच्या तांबूस चिकणमातीचा लेप. हा लेप पाण्याने ओला करून त्यावर सोन्याचा वर्ख सोडला की मातीतला सरस जागा होतो आणि वर्खाला खाली ओढून घेतो. वर्ख इतका तलम की हातात धरता येत नाही, रुंद मऊ कुंचल्याच्या केसांवर तरंगत न्यावा लागतो. आजचा वर्ख जाडीला एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. लेप वाळत आला, पण पुरता वाळला नाही, अशा नेमक्या घटकेला अकीकाच्या दगडाने घोटाई करायची. पूर्वी या कामाला कुत्र्याचा किंवा लांडग्याचा सुळाही वापरीत. सन 1400 च्या सुमाराचा इटालियन चित्रकार चेनिनो चेनिनी याने आपल्या ग्रंथात ही सारी क्रिया तपशीलवार नोंदविली आहे. जेथे घोटले तेथे सोने आरशासारखे चमकते, जेथे मुद्दाम घोटले नाही तेथे मंद राहते. आणि वर्ख झिजला म्हणजे खालची तांबूस माती डोकावू लागून सोन्याला जी ऊब येते, ती नव्या मुलाम्याला कधी साधत नाही.

अडचण ही की या साऱ्या थरांचा आधार पाण्यात विरघळणारा सरस आहे. पावसाची एक जोरदार सर आली की घोटलेले सोने, खालची माती आणि खडू हे तिन्ही सैल होऊ लागतात. हवा दमट झाली की लाकूड फुगते, कोरडी झाली की आकसते, आणि वरचा ताठ खडू ही हालचाल सोसू न शकल्याने तडकतो. तेलाच्या चिकणाईवर बसविलेले सोने पाण्याला अधिक दाद देत नाही. पण ते घोटता येत नाही, आणि घोटलेल्या सोन्याची झळाळी नसेल तर उन्हात प्रतिमा पेटल्यासारखी दिसायची कशी? म्हणजे ज्या वस्तूचा जन्मच उघड्यावर फिरण्यासाठी, ती अशा द्रव्यांनी घडविलेली की उघड्यावर फिरणे हेच तिचे मरण. तिच्या कर्त्यांना हे पक्के ठाऊक होते. त्यांनी वस्तूच्या दीर्घायुष्यापेक्षा त्या दिवसाच्या तेजाला अधिक किंमत दिली, आणि झीज झाली तर पुढची पिढी डागडुजी करील असा विश्वास बाळगला. पुढच्या पिढ्यांनी ती केली खरी, पण नेहमीच शहाणपणाने केली असे नाही. सोन्याचा खर्च परवडेना तेव्हा पितळेच्या भुकटीचा सोनेरी रंग फासला गेला, आणि तो काही वर्षांतच काळवंडून हिरवट तपकिरी पडला. आज अशी प्रतिमा दुरुस्तीसाठी कार्यशाळेत आली की संवर्धकाचे निम्मे आयुष्य पूर्वजांची भक्ती खरवडण्यात जाते.

काशुबियातील व्हेयहेरोवो हे गाव या परंपरेचे माहेरघर म्हणावे लागेल. मालबोर्कचा सुभेदार याकुब व्हेयहेर याने स्मोलेन्स्कच्या युद्धात जिवावरच्या प्रसंगी केलेला नवस फेडण्यासाठी 1643 मध्ये ही वसाहत वसविली, आणि 1649 पासून शेजारच्या वनाच्छादित टेकड्यांवर ख्रिस्ताच्या यातनामार्गाची मंदिरे उभारण्यास प्रारंभ केला. जेरुसलेममधील स्थानांची अंतरे मोजून त्या हिशेबाने ही मंदिरे ठेवली आणि त्या पवित्र भूमीची मातीही आणविली, असे सांगतात. क्राकूव्हजवळच्या कालव्हार्या झेब्झिदोव्स्का येथे 1600 सालापासून असा प्रयोग झालेला होता; त्याला युनेस्कोची मान्यता 1999 मध्ये मिळाली. पण व्हेयहेरोवोच्या 26 मंदिरांची कीर्ती वेगळ्याच कारणाने आहे. स्वर्गारोहणाच्या सणाला ओलिवा, कोश्चेझिना आणि इतर गावांहून पायी येणाऱ्या यात्रा आपापल्या प्रतिमा घेऊन येथे जमतात, आणि येथे प्रतिमा एकमेकींना नमस्कार करतात.

हा नमस्कार म्हणजे काय हे पाहिल्याखेरीज पटत नाही, पण सांगून पाहतो. वाहक एका तालात पावले रोवतात. प्रमुखाची खूण झाली की ती सोन्याची अवजड चौकट एकदम पुढे झुकते, इतकी की माथ्यावरचा मुकुट जमिनीला टेकेल की काय असे वाटावे, आणि क्षणार्धात पुन्हा ताठ होते. मग डावीकडे, मग उजवीकडे, जणू हवेत क्रूसाची खूण रेखली जाते, आणि अखेर एक वर्तुळ. वाद्यवृंद वाजत असतो. समोरची प्रतिमा तोच नमस्कार परत करते. तरुण वाहक हे महिनोन्महिने शिकतात, कारण चौघांपैकी एकाचा गुडघा जरी चुकीच्या क्षणी वाकला तरी शतकभराची चौकट मातीत जायची. पोलिश लोक याला चित्रांचे नृत्य असेही म्हणतात, आणि या प्रथेची नोंद त्यांच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या सूचीत झालेली आहे. आषाढी वारीत ज्ञानोबांच्या आणि सोपानकाकांच्या पालख्या एकमेकींना भेटतात त्या बंधुभेटीचा प्रसंग ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या नमस्काराचे मर्म वेगळे समजावण्याची आवश्यकता नाही: दोन मूर्ती भेटत असतात, आणि त्यांच्या खालची माणसे डोळे पुसत असतात.

चालणाऱ्या प्रतिमेचे सामर्थ्य राज्यकर्त्यांनाही कळते. चेंस्टोहोव्हाच्या यास्ना गुरा मठातील काळ्या मातेच्या चित्राची एक प्रतिकृती 1957 मध्ये देशभर गावोगाव फिरविण्यास निघाली. साम्यवादी सरकारला ही फेरी सलू लागली, आणि 1966 च्या सप्टेंबरात पोलिसांनी प्रतिमा अडवून मठात आणून ठेवली. तिच्यावर पहारा बसला, म्हणजे प्रतिमेला नजरकैदच झाली म्हणा. मग लोकांनी काय केले? त्यांनी रिकामी चौकट पुढच्या गावी नेली. पुढची सहा वर्षे, 1972 पर्यंत, पोलंडच्या गावांतून एक रिकामी चौकट मेणबत्तीसह मिरविली जात राहिली, आणि तिच्यापुढे तितकेच लोक गुडघे टेकीत राहिले. सरकारने जप्त केले ते चित्र. फेरी त्याच्या हाती लागली नाही.

पोलंडशी महाराष्ट्राचा एक संबंध आहे, आणि तो करुण आहे. 1940 च्या हिवाळ्यापासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकलून नेले. त्यांतले जे इराणमार्गे निसटले त्यांपैकी सुमारे पाच हजारांना, ज्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले होती, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत आश्रय मिळाला. तेथे त्यांनी आपले प्रार्थनामंदिर उभारले, शाळा चालविल्या, सण केले. त्यांच्यातल्या काहींच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. युद्ध संपले तोवर सरहद्द सरकली होती आणि त्यांची गावे सोव्हिएत राज्यात गेली होती, त्यामुळे बहुतेकांना परतायला गाव उरले नव्हते. त्या गावांतील देवळांचे काय झाले? पुष्कळ देवळांची कोठारे किंवा गुदामे झाली, आणि बरोक कोरीवकाम सरपणाच्या ढिगात जाऊ लागले. त्याच प्रदेशातील लव्होव्ह शहराच्या कलासंग्रहालयाचा संचालक बोरिस वोझ्नित्स्की हा गावोगाव हिंडून अशी लाकडी शिल्पे, वेद्यांचे तुकडे, प्रतिमा जमा करीत राहिला, आणि हजारो वस्तू त्याने वाचविल्या. ओलेस्कोच्या किल्ल्यातील संग्रहालय 1975 साली उघडले ते या खटपटीतूनच. अठराव्या शतकातील थोर शिल्पकार योहान गेओर्ग पिन्सेल याची लाकडी शिल्पे आज जगाला माहीत आहेत, त्यांचे प्रदर्शन 2012 मध्ये पॅरिसच्या लूव्रमध्ये भरले, याचे श्रेय या एका माणसाच्या हट्टाला द्यावे लागते. योगायोग असा की त्याच वर्षी एका मोटार अपघातात त्याचा अंत झाला.

आपल्याकडे, गोव्यात, खांद्यावरच्या देवाची परंपरा वेगळ्या वळणाने गेली. गोवा वेल्हा येथे उपवासकाळातल्या एका सोमवारी फ्रान्सिस्कन परंपरेतील संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. तीसच्या आसपास मूर्ती आंदोरांवर, म्हणजे खांद्यावरून न्यायच्या बैठकींवर, बसवून वाहिल्या जातात. त्या मनुष्याकृती मूर्ती सर्व बाजूंनी घडलेल्या असल्यामुळे त्यांना दोन तोंडांची गरज पडली नाही. पण वाहकांचा मान, ठराविक मार्ग, पावसाची आणि गर्दीची चिंता, खांद्याला पडणारा घट्टा, यांत दोन्हीकडे भेद नाही. राशोलहून 2002 मध्ये जुन्या गोव्यातील सांता मोनिकाच्या मठात हलविलेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना गोव्याच्या कारागिरांच्या काष्ठकौशल्याची कल्पना येईल.

संग्रहालयांविषयी मात्र माझी एक तक्रार आहे, आणि ती कोणा एका संस्थेविरुद्ध नाही. वस्तू जपण्यासाठी संग्रहालय आवश्यक आहे, हे वर पाऊस आणि खडू यांच्याविषयी जे लिहिले त्यावरून उघड आहे. पण दुहेरी प्रतिमा भिंतीला टेकविली की तिची अर्धी हत्या होते, आणि कित्येक वेळा ती हत्या शब्दशः झालेली आहे. राफाएलने तरुणपणी, 1500 च्या आगेमागे, चित्ता दी कास्तेल्लो या गावासाठी मिरवणुकीचा एक दुहेरी ध्वजपट रंगविला होता; पुढे त्याच्या दोन बाजू वेगळ्या करून दोन स्वतंत्र चित्रे केली गेली. एका अंगाला त्रैक्य, दुसऱ्या अंगाला हव्वेची निर्मिती. आज ती शेजारी शेजारी दिसतात, एकाच वेळी दिसतात. पण पहिले पाहून झाल्यावर दुसरे पाहण्यासाठी भोवती फिरावे लागणे, या त्यांच्या मूळ अनुभवाचा मागमूसही तेथे उरलेला नाही. ज्यांना अशी वस्तू मांडायची आहे त्यांनी ती दालनाच्या मधोमध ठेवावी, भोवती माणूस फिरेल एवढी जागा सोडावी, दिवा एकाच बाजूने न लावता दोन्हीकडून लावावा, आणि शक्य असेल तेथे दांडे व बैठकही सोबत मांडावी. कारण दांड्यांच्या मुठींवरील झीज ही चित्रावरच्या सहीइतकीच मोलाची आहे. आणि वाचकाला विनंती इतकीच की गोव्यात, क्राकूव्हमध्ये, लव्होव्हमध्ये किंवा कोठेही अशी एखादी सोनेरी चौकट भिंतीशी उभी दिसली, तर तिची पाठ पाहायला मिळेल का, असे तेथील अधिकाऱ्याला जरूर विचारावे. विचारणारे वाढले तर अधिकारी ती दाखवतीलही.